कोकरांची छायाचित्रे आणि शिक्षकाची दृष्टी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आजच्या परिषदेत मी मूल्यमापन या विषयावर बोलावे, अशी केंद्रप्रमुखांची सूचना होती. त्या विषयावरील परिपत्रके आपण सर्वांनी वाचली आहेत; आणि ज्यांनी वाचली नसतील ते माझे भाषण ऐकून वाचतील, असा माझा भ्रम नाही. म्हणून त्यांच्या अनुमतीने मी विषय थोडा बदलला आहे. एका अकरा वर्षांच्या मुलीने काढलेल्या कोकरांच्या व इतर गावरान प्राण्यांच्या छायाचित्रांविषयी मी आज बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि मूल्यमापन त्यातून सुटणार नाही. मात्र त्या दिवशी मूल्यमापन कोणाचे झाले, हे आपण शेवटी ठरवावे.

जुलै २०२२ मधील ही गोष्ट. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, उघड्या माळावर वसलेल्या एका वाडीतील शाळेच्या तपासणीसाठी मी गेलो होतो. पहिली ते सातवीची शाळा, चार शिक्षक. वाडीतील निम्मी घरे मेंढपाळांची. त्यांचा जीवनक्रम आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. दिवाळी आटोपली की बिऱ्हाड घोड्यावर चढते आणि मेंढ्यांची खांडे घाट उतरून कोकणाकडे निघतात. भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या रात्रभर बसविल्या की जमिनीला उत्तम खत मिळते. त्याच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पावसाळ्याची चिन्हे दिसू लागली की ही मंडळी पुन्हा माळावर येतात, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस मानवत नाही. हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. आपल्या शाळांचे वेळापत्रक त्याच्याशी जुळत नाही, आणि त्याची शिक्षा मात्र मुलांना होते.

मागील वर्षाचा पाचवीचा हजेरीपट मी चाळत होतो. एका मुलीच्या नावापुढे ऑक्टोबर महिन्यातील काही दिवसांची उपस्थिती होती. दिवाळीनंतर जूनपर्यंत सलग गैरहजेरी. मुलगी आता सहावीत बसत होती. मी तिला उभे करून पाठ्यपुस्तकातील एक उतारा वाचावयास दिला. ती अक्षरे जोडत जोडत, मध्येच थांबत, दोन ओळींपर्यंत आली. मी तपासणीच्या वहीत लिहिले : ‘विद्यार्थिनी अत्यंत अनियमित. वाचन इयत्तेस साजेसे नाही. पालकांस समज द्यावी.’ तीन वाक्ये लिहिली. तिन्ही वाक्ये खरी होती, हे मी आजही म्हणेन.

वर्गशिक्षिका तरुण होत्या. नोकरीत त्यांना जेमतेम चार वर्षे झाली होती. माझा शेरा त्यांनी वाचला व काही न बोलता वही मिटली. मधल्या सुट्टीत मात्र त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, पाच मिनिटे असतील तर या मुलीच्या वडिलांचा मोबाइल एकदा पाहाल का? ते बाहेर उभे आहेत.” मला वाटले, काही तक्रार असावी. मी होय म्हणालो.

काच तडकलेला, कडेला दोऱ्याने बांधलेला तो मोबाइल होता. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, धडे मोबाइलवरून मिळतील असे आपणच सर्वांना सांगितले, तेव्हा त्या गृहस्थांनी दोन मेंढे विकून तो घेतला होता. पण मेंढ्यांचा वाडा ज्या डोंगराच्या कुशीत उतरे तेथे संदेश पोहोचत नसे, मग धडे कोठून पोहोचणार? आपण पाठविलेला अभ्यास त्या मुलीपर्यंत गेलाच नाही. कॅमेऱ्याला मात्र वाऱ्यावरच्या लहरींची गरज नसते. दोन हिवाळे ती त्या मोबाइलने आपल्या भोवतालची जनावरे टिपत राहिली.

दोनशेच्या वर छायाचित्रे असतील. मी ती बोटाने भराभर पुढे सारू लागलो. काळे कोकरू, पुन्हा काळे कोकरू, उन्हात काळे कोकरू, सावलीत काळे कोकरू. पाहुण्याने यजमानाच्या घरचे लग्नाचे फोटो पाहावेत, तसा मी पाहत होतो. शेवटी काहीतरी विचारावे म्हणून मी तिला विचारले, “एकाच कोकराची इतकी छायाचित्रे कशाला काढलीस, बाळ?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “सायेब, हे एक न्हाई. ही सात हायेत.”

त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. होते ते निखळ आश्चर्य. ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फरक मुलाला दिसत नाही तेव्हा जसे आश्चर्य आपणांस वाटते, तसेच तिला माझे वाटले होते. आणि आपण जसे खडू हातात घेऊन फरक समजावतो, तसे तिने बोटाने मला समजाविले. ह्याचा डावा कान मुडपलेला. ह्याच्या कपाळावर तीळभर पांढरे. हे जुळ्यातले, म्हणून पायाने बारीक. ह्याची आई मेली, म्हणून हे शेळीला पिते. हे घाटात जन्मले. हे बाजारात गेले. सहावीचा उतारा दोन ओळी वाचून थांबलेली ही मुलगी त्या दोनशे चित्रांपैकी कोठेही अडखळली नाही.

बंधुभगिनींनो, मेंढी हे मूर्ख जनावर असा आपला समज आहे. ‘मेंढरासारखे’ हा शब्द आपण वर्गातही वापरतो. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या एका संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी मेंढ्यांवर केलेले प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंढी आपल्या जातीतील ५० मेंढ्यांचे चेहरे वेगवेगळे ओळखते आणि दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते, असे त्यांना आढळले. म्हणजे मेंढीला मेंढ्या सारख्या दिसत नाहीत; त्या सारख्या दिसतात आपल्याला. त्या रात्री घरी परतताना एक प्रश्न माझ्या मनातून जाईना. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हजारो मुलांचे वाचन तपासले. त्यांतील किती मुले मला ‘सात’ दिसली, आणि किती ‘एकच’?

आता त्या छायाचित्रांकडे वळतो. त्यांत बोट आडवे आलेली होती, तिरपी होती, हललेली होती. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. त्यांतील बहुतेक छायाचित्रे कोकराच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतलेली होती. आपण मोठी माणसे उभ्याने फोटो काढतो आणि जनावराची पाठ तेवढी टिपतो. ही मुलगी जमिनीवर बसली होती. काही वेळा पालथी पडली होती. त्यामुळे तिच्या चित्रांत कोकराचा डोळा दिसतो, त्या डोळ्यातील आडवी बाहुली दिसते. त्या आडव्या बाहुलीमुळे आणि डोळ्यांच्या ठेवणीमुळे चरताना मान खाली असली तरी मेंढीला बाजूचा व बराचसा मागचा माळ दिसत राहतो. लांडग्याच्या मुलखात चरणाऱ्या जनावराला ही सोय हवीच.

एका छायाचित्रात नुकतेच जन्मलेले कोकरू होते. अंग ओले, पुढचे गुडघे टेकलेले, मागचा भाग उचललेला. आणि आई त्याला चाटते आहे. मेंढी सुमारे पाच महिने गाभण राहते. जन्मल्यावर धडधाकट कोकरू बहुधा अर्ध्या-एक तासाच्या आत आपल्या पायांवर उभे राहते व आईची कास शोधू लागते. तो पहिला चीक त्याला मिळालाच पाहिजे. कारण रोगाशी लढण्याची शक्ती त्याला गर्भात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि चाटण्याच्या त्या पहिल्या काही तासांतच आई आपल्या कोकराचा वास ओळखू लागते; पुढे परके कोकरू जवळ आले तर ती त्याला ढुशी देऊन दूर करते. मी मुलीला विचारले, “तू एवढी दूर का उभी होतीस? कोकरू फार लहान दिसते आहे.” ती म्हणाली, “जवळ गेलं तर आई त्याला टाकती.” जे मी पुस्तकातून शिकलो होतो, ते तिच्या पायांना ठाऊक होते.

दुसऱ्या चित्रात कोकरू शेळीला पीत होते. मेंढ्यांच्या खांडात चार-दोन शेळ्या का ठेवतात, याचे उत्तर त्या एका चित्रात होते. कोकराची शेपटी तेवढी पुसट, हललेली दिसत होती. मी ती चूक समजलो. ती चूक नव्हती. पिताना कोकराची शेपटी थरथरत असतेच. तिसऱ्यात घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाडाच्या वळकट्यांमध्ये तीन तान्ही कोकरे बसविलेली होती, कारण दिवसभराची चाल त्यांच्या पायांना झेपत नाही. चौथ्यात मेंढीच्या पाठीवर कोतवाल पक्षी बसला होता. मेंढ्यांच्या पायांनी गवतातून उडणारे किडे तो टिपतो. परस्परसंबंधाचा पाठ आपण फळ्यावर बाण काढून शिकवितो. तो येथे बाणांवाचून होता. आणखी एकात वाघरीच्या जाळीपाशी कुत्रा झोपला होता. त्याचा एक कान उभा होता.

आणि एक चित्र असे की ते पाहून मी हसलो व पुढे सारणार होतो. कोकरू हवेत होते. चारही पाय जमिनीपासून सुटलेले, पाठीची कमान झालेली, खाली त्याची छोटी सावली. मी म्हणालो, “हे चुकून निघालेले दिसते.” मुलगी म्हणाली, “न्हाई सायेब, ते संध्याकाळी असंच उडतं. मी चार दिस बसले तवा घावलं.”

चार दिवस! आता या चार दिवसांची किंमत कळावी म्हणून आपणांस थोडे दूर नेतो. घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, याविषयी एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. डोळ्यांना ते दिसत नव्हते. जून १८७८ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे ओळीने मांडले, त्यांचे दोरे पट्टीवर आडवे ताणले आणि घोडा धावविला. चारही पाय सुटतात, हे सिद्ध झाले. इतकेच नव्हे, तर ते पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाच सुटतात, हेही दिसून आले. तोपर्यंत चित्रकार धावत्या घोड्याचे पाय पुढेमागे पसरलेले काढीत आले होते. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने घोडा पाळला, त्यावर स्वारी केली, त्याची चित्रे काढली. आणि तरी त्याची चाल त्याला नीट दिसली नव्हती. आपल्या वाडीवरच्या मुलीला मायब्रिजचे नावही ठाऊक नव्हते. पण ‘मला दिसते ते खरे आहे काय, हे मी टिपून पाहीन’ ही जी वृत्ती, ती तिच्यात होती. विज्ञानाच्या तासाला आपण याहून वेगळे काय शिकवू इच्छितो?

दुसरे उदाहरण अधिक जवळचे, कारण ते मेंढ्यांच्या मुलखातले आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायरमध्ये स्वेलडेल नावाचे मेंढपाळीचे खोरे आहे. तेथील थ्वेट या खेड्यात रिचर्ड व चेरी कर्टन हे भाऊ शेतकऱ्याच्या घरी वाढले. खेड्यातील शाळा, माळ, मेंढ्या आणि पक्ष्यांची घरटी, एवढेच त्यांचे बालपण. १८९२ मध्ये, विशी ओलांडण्याच्या सुमारास असलेल्या चेरीने एका घरट्याचे, आतील अंड्यांसह, छायाचित्र घेतले. रिचर्डचे लेखन आणि चेरीची छायाचित्रे मिळून १८९५ मध्ये त्यांचे पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक निघाले. रानातील प्राण्यांची खरीखुरी छायाचित्रे छापणाऱ्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पाखरे बुजू नयेत म्हणून या भावांनी पुढे कातड्याचा पोकळ बैल करविला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह दडून ते चित्रे घेत. बैलाला पाखरे भीत नाहीत, ही गोष्ट खेड्यात वाढलेल्यालाच सुचावी. खेड्यातील मुलाजवळ जे सहज असते ते ज्ञानच आहे, एवढे सांगण्यासाठी मी ही हकिगत सांगितली.

आता त्या मोबाइलमधील शेवटच्या काही चित्रांविषयी सांगतो. ती सांगणे मला सोपे नाही.

१ व २ डिसेंबर २०२१ या दोन दिवसांत झालेला अवकाळी पाऊस आपणांस आठवत असेल. पुणे व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत पावसाने आणि गारठ्याने उघड्यावरच्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. या कुटुंबाचा वाडा तेव्हा त्याच बाजूला उतरलेला होता. लोकर भिजून जड झालेली, आडोसा नाही, विस्तव पेटत नाही. सकाळ झाली तेव्हा सतरा मेंढ्या व कोकरे आडवी झाली होती. पंचनाम्यासाठी फोटो लागतात, म्हणून वडिलांनी मुलीला फोटो काढावयास सांगितले. तिने एकेका जनावराचा फोटो काढला. ती चित्रे मी पाहिली. त्यांच्या आधीचे एक चित्र रात्रीचे होते. कंदिलाच्या उजेडात काढलेले, बरेचसे काळे. घोंगडीची एक घडी, आणि तिच्यातून बाहेर आलेले एका कोकराचे तोंड. डावा कान मुडपलेला.

मी काही विचारले नाही. तीच म्हणाली, “ही समदी पंचनाम्याची. ही एक माजी.”

बंधुभगिनींनो, एकच साधन, एकच हात, एकच रात्र. पण पुराव्यासाठी काढलेले चित्र कोणते आणि आपल्यासाठी काढलेले कोणते, हा भेद त्या मुलीने स्वतः केला होता. असा भेद करता येणे यालाच मी भाषा येणे म्हणतो. आपण निबंध तपासतो तेव्हा नेमके हेच पाहत असतो, की मुलाने जे लिहिले ते वहीसाठी लिहिले की त्याला काही सांगावयाचे होते. आणि या मुलीच्या नावापुढे मी तासाभरापूर्वी लिहिले होते, ‘पालकांस समज द्यावी.’ कोणती समज द्यावयाची होती, ते मला सांगता येईना.

शेरा खोडण्याचा अधिकार मला नव्हता आणि खोडणे योग्यही नव्हते, कारण वाचन खरोखरच मागे होते. मी त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली : ‘विद्यार्थिनीचे निरीक्षण असामान्य आहे. तिच्या छायाचित्रांवरून वाचन-लेखन शिकवावे. तीन महिन्यांनी मला कळवावे.’ पुढचे काम बाईंनी केले. श्रेय त्यांचेच आहे. त्यांनी काय केले ते सांगतो, कारण ते आपल्यापैकी कोणालाही करता येण्याजोगे आहे.

आठवड्यातून एक तास त्यांनी चित्रवाचनासाठी ठेवला. मुलांनी काढलेले एकच छायाचित्र निवडावयाचे आणि त्यावर साधे प्रश्न विचारावयाचे. हे कोण आहे, आणि कशावरून ओळखलेस? सावली पाहून सांग, वेळ सकाळची की संध्याकाळची? हे टिपण्याच्या आधी काय घडले होते? चौकटीच्या बाहेर काय राहिले? आणि शेवटचा प्रश्न : यातले आपल्याला काय कळत नाही, आणि ते कोणाला विचारू या? ‘चित्र छान आहे का’ हा प्रश्न त्यांनी कटाक्षाने वगळला. तो प्रश्न विचारला की मुले शिक्षकाच्या तोंडाकडे पाहतात, चित्राकडे नाही.

मग प्रत्येक चित्राखाली मुलांनी एक-दोन वाक्ये लिहावयाची. पहिले वाक्य घरच्या बोलीत. हवेत उडालेल्या कोकराखाली त्या मुलीने लिहिले, ‘ह्ये उडालं तवा मी बी हासले.’ बाईंनी ते खोडले नाही. त्याच्या खाली वर्गाने मिळून दुसरे वाक्य तयार केले, ‘कोकरू उडाले तेव्हा मीही हसले.’ दोन्ही वाक्ये भिंतीवर राहिली. आपली वाक्ये वाचता यावीत म्हणून मूल अक्षरांशी झटते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकास केव्हातरी आलेला आहे; फक्त तो आपण नियमाने घेत नाही.

एवढ्या सामग्रीतून इतर विषयही आपोआप निघाले. मेंढीचे कोकरू, शेळीचे करडू, गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, घोडीचे शिंगरू, हा शब्दसंग्रह पाठ करून घ्यावा लागला नाही. पाच महिन्यांच्या गाभणकाळावरून महिन्यांचे गणित झाले. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या दातांवरून तिचे वय सांगतात, हे मुलांनी दोनदाती-चारदाती मेंढ्यांचे फोटो काढून दाखविले. भूगोलाच्या नकाशावर माळापासून कोकणापर्यंतची वाट त्या मुलीने स्वतः रेखाटली, मुक्कामांच्या नावांसह. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर एक दिवस येऊन पावसाळ्यापूर्वीच्या आंत्रविषाराच्या लसीविषयी बोलले, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांत वाडीतले बापेही होते. शाळेच्या ओट्यावर ते प्रथमच बसले होते.

आपल्या मनातील शंका मी ओळखतो. पहिली शंका अशी, की मुलांच्या हाती मोबाइल देऊ नका असे आपणच सांगतो, मग हे काय? शंका रास्त आहे. पण मोबाइलमध्ये पाहत बसणारे मूल आणि मोबाइलमधून बाहेर पाहणारे मूल यांत अंतर आहे. शिवाय हा उपक्रम मोबाइलवर अवलंबून नाही. ज्यांच्या घरी तो नाही त्यांच्यासाठी बाईंनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला तळहाताएवढी चौकोनी खिडकी पाडून दिली. मुलांनी त्या चौकटीतून एक जनावर पाच मिनिटे पाहावयाचे, मग ते आठवून काढावयाचे व लिहावयाचे. काही मुलांची ही चित्रे छायाचित्रांपेक्षा सरस निघाली. दुसरी शंका वेळेची. आठवड्याला एक तास. आणि तो भाषेच्याच तासांतला. तिसरी शंका मूल्यमापनाची. कृपा करून याच्या स्पर्धा घेऊ नका आणि पहिला क्रमांक काढू नका. स्पर्धा आली की मुले सुंदर कोकरू शोधू लागतील आणि मुडपलेल्या कानाचे कोकरू चौकटीबाहेर राहील.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. नव्याने जन्मलेल्या पिलाजवळ जाऊ नये, त्याला हात लावू नये, आईपासून वेगळे करू नये. चित्रासाठी जनावराला पळवू नये, ओढू नये, त्याच्या डोळ्यांवर प्रखर उजेड पाडू नये. टिटवी माळावर उघड्या जमिनीवर अंडी घालते; ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की मुलांनी आल्या पावली मागे फिरावे, कारण आपण तेथे रेंगाळलो तर कावळ्याला वाट दाखविली असे होते. वन्य पक्ष्यांची अंडी वा पिले उचलणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हाही आहे. आणि शेवटचे पथ्य आपल्यासाठी : मुलाचे चित्र मुलाचे आहे. ते भिंतीवर लावण्यापूर्वी किंवा कोणाला पाठविण्यापूर्वी त्याला विचारावे. घोंगडीतल्या कोकराचे चित्र भिंतीवर लावू का, असे बाईंनी विचारले तेव्हा ती मुलगी नको म्हणाली. ते चित्र भिंतीवर लागले नाही. आज मी त्याविषयी बोललो, तेही तिला विचारून. आणि ते चित्र मी आपणांस दाखविणार नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर वाडा पुन्हा निघाला, तेव्हा मुलगी बरोबर गेली. आमच्या एका उपक्रमाने मेंढ्यांचे वेळापत्रक बदलणार नव्हते. पण या वेळी बाईंनी तिच्यासोबत शिक्षण हमी कार्ड दिले आणि कोकणातील मुक्कामाजवळच्या शाळेतील शिक्षकांशी आधी बोलून ठेवले. दाखला उशिरा मिळाला एवढ्या कारणाने कोणत्याही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा २००९ चा कायदा स्पष्ट सांगतो. त्याची आठवण आपण वडिलांनाही करून द्यावी, अधिकाऱ्यांनाही. काही आठवडे ती तेथे शाळेत गेली, काही आठवडे नाही. तिच्या वहीत मात्र खंड नव्हता. मुक्कामागणिक एक चित्र आणि त्याखाली दोन-तीन वाक्ये. पुढच्या जुलैमध्ये मी गेलो तेव्हा तिने ती वही मला वाचून दाखविली. वाचन सावकाशच होते. मध्ये दोन ठिकाणी ती अडली. पण ती आता स्वतःचे वाचीत होती. सातवी उत्तीर्ण होऊन ती शेजारच्या गावच्या माध्यमिक शाळेत दाखल झाली. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तिच्यासारख्या मुलींची शाळा कोणत्या वर्षी सुटते, हे आपण सर्व जाणतो. म्हणूनच तिला दिसणारे जग शाळेने लवकर पाहिले पाहिजे.

आपल्या केंद्रात अशी मुले किती आहेत? मेंढपाळांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, वीटभट्टीवरची. त्यांच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा असेल, आणि तो खराही असेल. तो लिहिण्यापूर्वी एकदा त्यांना एवढेच विचारा, ‘तू तिकडे काय पाहिलेस? मला दाखव.’ आणि जे दाखवतील ते भराभर पुढे सारू नका. मी सारले होते.